मदत हवी आहे: बिनदुधाचा पानांचा चहा, दार्जिलिंगनंतर काय घेऊ?

घरी कायम सीटीसीचा (म्हणजे नेहमीच्या दाणेदार पत्तीचा) दूध-आलं घालून उकळलेला चहा, आता बिनदुधाचा, बिनसाखरेचा प्यायला शिकतोय. दार्जिलिंग सेकंड फ्लशचं, म्हणजे मे-जूनच्या तोडणीचं छोटं पाकीट आणलंय. २०० मिलीला २ ग्रॅम पानं, उकळतं पाणी, ५ मिनिटं झाकून ठेवलं तर जीभ ओढली जाईल इतका तुरट लागतो, पाणी जरा निववून ३ मिनिटांत गाळला तर वास अप्रतिम येतो (त्या वासासाठीच हा सगळा खटाटोप!) पण चव अगदीच पातळ वाटते. पानं ३ ग्रॅम करून अजून बघितलं नाहीये. पाणी आरओचं आहे, गाळणी खोल आहे त्यामुळे पानं नीट उलगडतात, डबा हवाबंद.

फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा, याहून हलका असतो म्हणून तो सध्या नकोच. पाकिटावरचं एफटीजीएफओपी वगैरे पानाच्या प्रतवारीचं असतं, त्यावरून चव कळत नाही एवढं समजलंय.

बजेट १०० ग्रॅमला ६०० रुपयांपर्यंत, ग्रीन टी आणि फ्लेवरवाले नकोत. तर भरदार पण तुरट नसलेली चव हवी असेल तर आसाम ऑर्थोडॉक्स (दाणेदार नाही, पानं वळून केलेला) घेऊ की निलगिरी, का आधी याच पाकिटात पानं वाढवून बघू? आणि ऑनलाइन घेताना माल याच वर्षीच्या तोडणीचा आहे हे कशावरून ओळखता?