शब्दचर्चा : निषिद्ध जादू

मित्रांसोबत खेळायच्या एका भूमिकाखेळाचं काल्पनिक जग मराठीत लिहितो आहे. देव, मठ, पुरोहित, मांत्रिक सगळे आपापल्या जागी बसले, पण 'फॉरबिडन मॅजिक'पाशी अडलो. 'निषिद्ध जादू' असं तीन ठिकाणी लिहिलं आणि खटकलं. देवाच्या आज्ञेविरुद्धची ती निषिद्ध, राजाने बंद केलेली तीही निषिद्ध, आणि मांत्रिकांनी आपसांत शपथ घेऊन सोडलेली तीही निषिद्धच? शिवाय 'नेक्रोमन्सी'ला, म्हणजे मृतांशी संबंधित जादूला, भूतविद्या म्हणावं का?

भूतविद्या नको

भूतविद्या हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, आणि त्याचा विषय भूतबाधेवरचे उपचार. म्हणजे तुमच्या खेळात ती पुरोहिताच्याच पोतडीत जाईल! प्रेतविद्या बरा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मृतांना विचारून भविष्य जाणणं एवढाच होता. प्रेतांची फौज उभी करणं त्याला फार नंतर चिकटलं.

आता निषिद्ध. या शब्दाची जोडी 'विहित'शी आहे. शास्त्र करायला सांगतं ते विहित, करू नको म्हणतं ते निषिद्ध. म्हणून जिथे ग्रंथ किंवा धर्मपीठ आहे तिथेच तो शोभतो. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' या व्हिडिओ गेममध्ये (२००९) चँट्री हे धर्मपीठ रक्तजादूला पाप ठरवतं, तिथे निषिद्ध चपखल. 'डार्क सन' या भूमिकाखेळातल्या (१९९१) अॅथास नावाच्या जगात मात्र देवच नाहीत. नगरांवर जादूगार-राजे बसलेले आहेत आणि जादू त्यांनी स्वतःपुरती राखून ठेवली आहे. झाडाझुडपांतला जीव शोषून ज्या जादूने जमिनीची राख झाली, ती त्यांचीच. इथे शास्त्राचा काय संबंध? सरळ 'बंदी' म्हणा.

शपथेसाठी मला 'वर्ज्य' आवडतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. त्या स्वरांत खोट नसते, त्या रागात ते घ्यायचे नसतात. 'आर्स मॅजिका' या भूमिकाखेळात (१९८७) हर्मीसच्या संघातले मांत्रिक शपथ घेतात की जादूने एकमेकांवर पाळत ठेवणार नाही. परक्यावर तीच विद्या चालते. हे वर्ज्यच झालं.

जादू आणि अभिचार

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण 'जादू'कडेही बघा. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचं नातं ऋग्वेदातल्या 'यातु'शी आहे. यातु म्हणजे दुष्ट मंत्रतंत्र, ते करणारा यातुधान. आज मराठीत जादू इतकी निरागस झाली आहे की तिला निषिद्ध म्हटलं तरी भीती वाटत नाही. दुसऱ्याचं वाईट करण्यासाठी केलेल्या कर्माला 'अभिचार' हा नेमका शब्द आहे. शत्रूच्या नाशासाठीचा श्येनयाग प्रत्यक्ष वेदात सांगितलेला, तरी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, त्याला अनर्थ ठरवलं, कारण त्याचं फळ हिंसा. पवित्र ग्रंथातच सापडणारा घातक विधी! खेळासाठी याहून चांगला पेच मला सुचत नाही.

आणि शब्द कोणाच्या तोंडी आहे, हेही ठरवा. 'मॉरोविंड' या व्हिडिओ गेममध्ये (२००२) मंदिराला नेक्रोमन्सी घोर पाप वाटते, पण थडग्यांची राखण करणारे पूर्वजांचे आत्मे त्याच मंदिराला पूज्य आहेत. तिथे पुजारी 'पितृसेवा' म्हणेल. बाहेरचा माणूस त्याच थडग्यात शिरून 'प्रेतविद्या' म्हणेल.

मनापासून आभार. धर्मपीठाच्या तोंडी निषिद्ध, दरबाराच्या फर्मानात बंदी, मांत्रिकांच्या शपथेत वर्ज्य असं करतो. अभिचार मात्र माझ्या पोथीत पुरोहितांच्याच जुन्या मंत्रसंग्रहात ठेवणार आहे, शेवटच्या पानांवर. ती पानं आता पुन्हा लिहावी लागतील.