कम्युनिटी कॉलेजची बॅचलर्स पदवी: फी कमी, मग बाकीचा खर्च कोण उचलतो?

सनीव्हेलकर
लेकीसाठी काल हिशेब मांडला. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचं शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजची, फी युनिटला (अभ्यासाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या ६० युनिटांना प्रत्येकी आणखी ८४. चार वर्षांच्या १२० युनिटांचे मिळून १०,५६०. कॅल स्टेट या राज्य विद्यापीठाची २०२५-२६ ची नुसती ट्यूशनच वर्षाला ६,४५०! २०२१ च्या एबी ९२७ कायद्याने कम्युनिटी कॉलेजांत वर्षाला ३० पर्यंत नवे बॅचलर्स पदवी कोर्स मंजूर होऊ शकतात. तरी २०२४ मध्ये या कॉलेजांतल्या नर्सिंग पदवीचं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारलं, याचा मला राग आहे.

रात्रवर्ग
हा हिशेब फक्त फीचा झाला. वर्ग चालतो तो मुख्यतः सरकारी पैशावर, आणि १९८८ च्या प्रॉपोझिशन ९८ (शिक्षणाला राज्याच्या पैशाचा किमान वाटा देणारा, मतदारांनी मंजूर केलेला नियम) पासून शाळा आणि आमची कॉलेजं एकाच ताटात जेवतात. मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, तासावर. हॉटेलच्या किचनमधून थेट आलेली एक बाई मागच्या बाकावर वहीशेजारी डबा उघडून खाते. आमच्या दोन तुकड्यांतली एक यंदा बंद झाली. पदवीमुळेच झाली असं मी म्हणत नाही. पण कात्री आधी कुठे लागते ते रोज बघतो.

दंतमंजिरी
डेंटल हायजीनचं, म्हणजे दात स्वच्छ करण्याच्या कोर्सचं उदाहरण घ्या. फूटहिल या कम्युनिटी कॉलेजमध्ये आता त्याची बॅचलर्स मिळते, पूर्वी असोसिएट ही दोन वर्षांची पदवी मिळायची. खुर्च्या, दिवे, सक्शन, निर्जंतुकीकरणाची यंत्रं तेव्हाही लागायचीच. मुली जवळजवळ तेवढाच अभ्यास करून दोन वर्षांच्या पदवीवर बाहेर पडायच्या. त्यांना हक्काचा कागद मिळाला, यात कोणाच्या तोंडचा घास गेला?

रात्रवर्ग
हायजीनपुरतं मान्य, मंजिरीताई. पण सगळे कोर्स तसे नाहीत. ८४ गुणिले ६० म्हणजे ५,०४०. चोवीस जणांच्या तुकडीचे दोन वर्षांत जेमतेम १,२१,००० डॉलर. बे एरियात एका पूर्णवेळ प्राध्यापकाचा दोन वर्षांचा पगारही त्यात बसत नाही. नवी लॅब तर लांबच.

सनीव्हेलकर
मग फी वाढवू नका, राज्याकडे या पदव्यांसाठी वेगळी तरतूद मागा. कॉलेजच्या पुढच्या बोर्ड मीटिंगला मी येतो. तुमच्या बंद झालेल्या तुकडीबद्दलही बोलेन. तारीख कळवा.