तान्ह्या बाळासह आलेल्या जोडप्याला घर दिलंत का? अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे

मार्च 2022 मध्ये आमच्या वरच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. तिला आठवा लागलेला. लग्न आंतरजातीय, दोन्ही घरांनी संबंध तोडलेले. आधीच्या घरमालकांनी ‘सोसायटीत तान्हं मूल चालणार नाही’ म्हणून पंधरा दिवसांत खोली सोडायला सांगितली होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. जिला माहेरच उरलं नाही तिने कुठे जायचं, हा विचार माझ्या मनात तोवर कधी आलाच नव्हता.

सासूबाईंना आधी पटलं नव्हतं. ‘उद्या तिचे भाऊ दारात उभे राहिले तर?’ ही भीती खोटी नव्हती. पण बाळ दवाखान्यातून आलं त्या संध्याकाळी भाकरतुकडा ओवाळून टाकला तो त्यांनीच. मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, रोज सकाळी तेल लावून अंघोळ. धुरी मात्र डॉक्टरांनी नको सांगितली, ती त्यांनी मुकाट ऐकली. बाराव्या दिवशी गच्चीत बारसं केलं. कानात नाव सांगायला आत्या नव्हती, तर माझी सहावीतली लेक आत्या झाली.

माझी एक चूक सांगते. पहिला महिनाभर मी केव्हाही वर जायची. कधी वरण घेऊन, कधी उगाच. एकदा ती पाजत होती, मला बघून दचकून भिंतीकडे वळली. घर माझं आहे म्हणून ती दिवसा कडीच लावत नव्हती! त्याच दिवशी खोलीच्या दोन्ही किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि दार वाजवल्याशिवाय पुन्हा गेले नाही.

तुम्ही असं कुणाला ठेवून घेतलं असेल, किंवा स्वतः कुणाकडे राहिला असाल, तर लिहा. बिनसलं असेल तेही लिहा.

लालबागकर

आमच्याकडे तान्हं नव्हतं, चार वर्षांचा मुलगा होता. जळगावकडचं कुटुंब, टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार. हे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात हे मला तेव्हा कळलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं मोठा आधार आहेत, पण येणारी माणसं फार. परळच्या फुटपाथवर चटई टाकून बसलेली आईबापं तुम्हीही पाहिली असतील.

आमच्या चाळीतली एक खोली रिकामी होती, ती दिली. त्यानंतर शिकलो ते सगळं त्या मुलाच्या आईकडून. केमो झाल्यावर रक्तातल्या पेशी कमी होतात, तेव्हा पाणी उकळलेलं, जेवण ताजं, चिरून ठेवलेलं फळ नाही, सर्दी झालेल्या माणसाने उंबऱ्याबाहेरच थांबायचं. ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच टॅक्सी करून निघायचं. दोनदा मीच सोडायला गेलो. बाप महिन्यातले वीस दिवस गावी, कारण शेत सोडलं तर खायचं काय? मधले दिवस ती सव्वीस वर्षांची पोरगी एकटीने काढायची.

गणपतीत आमच्या भागात दहा दिवस पाऊल ठेवायला जागा नसते. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, आरतीला झांजा नकोत, कुणी त्या दाराजवळ गर्दी करायची नाही. मुलगा आईच्या कडेवर, खिडकीतून टाळ्या वाजवायचा. आता तो शाळेत जातो. दर दिवाळीला त्यांच्याकडून भरीताची वांगी येतात.

सांगलीहून

थोडक्यात लिहिते. ऑगस्ट 2019 चा पूर. आम्ही उंचावर, म्हणून आमच्या तीन खोल्यांत अकरा माणसं, त्यात नऊ दिवसांचं बाळ आणि त्याचे आईवडील. दुपटी वाळायला ऊन नाही, वीज नाही. तव्यावर दुपटी गरम करून दिली. पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरात कमरेएवढा गाळ होता, म्हणून ती दोघं दिवाळीपर्यंत राहिली.

नाशिककर

आमचं बिनसलं. ओळखीतून आलेलं जोडपं, सहा महिन्यांचं बाळ, ‘दोन महिने राहतो’ म्हणाले आणि चौदा महिने झाले. कागद केला नव्हता, कारण मदत करताना कागद मागायचा हे वाईट वाटलं. शेवटी वीजबिलावरून बोलणं बंद झालं. ते गेले तेव्हा बाळ दारात उभं राहून मला हात करत होतं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगतो, भाडं एक रुपया घ्या, पण लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 प्रमाणे ती नोंदणी घरमालकाचीच जबाबदारी आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या. आणि त्या जोडप्यालाही हा कागद हवाच असतो. गॅस, बँक, सगळीकडे पत्ता विचारतात.

नवी मुंबईहून

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे कुणाकडे राहिलेली. लग्न विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस लागल्यावर घरी कळलं आणि आम्ही गाव सोडलं. बाळ झालं तेव्हा साताऱ्यात एका निवृत्त शिक्षिकेकडे राहत होतो. मी त्यांना बाई म्हणते.

त्यांनी आम्हाला कधी ‘तुमची कहाणी सांगा’ म्हटलं नाही. पाहुणे आले की ‘ही आमच्याकडे राहते’ एवढंच सांगायच्या. पहिल्याच दिवशी फडताळातला एक कप्पा रिकामा करून म्हणाल्या, ‘हे तुझे डबे.’ दुसऱ्याच्या घरी रात्री दोनला भूक लागते तेव्हा पोह्याचा डबा आपला असणं काय असतं, हे बाळंतिणीलाच कळेल. दुधाचे पैसे मी देते म्हटलं तर त्यांनी घेतले. ते घेतले म्हणूनच मी तिथे ताठ मानेने राहू शकले. नाशिककर, तुमचं वाचून वाटलं, तुम्ही आधीच पैशाचं बोलला असतात तर त्या दोघांनाही हलकं वाटलं असतं.

बाळाची दीड महिन्याची लस चुकणार होती, कारण आमच्याकडे कार्डच नव्हतं. बाई स्वतः आशाताईंना घेऊन आल्या, नवीन कार्ड झालं. त्यावर पत्ता त्यांच्या घराचा आहे. माझी मुलगी आता सात वर्षांची, पण ते कार्ड मी जपून ठेवलंय.

धागाकर्ती, पुणे

नाशिककर, मनापासून लिहिलंत. आमचाही करार नव्हता, आता करून घेतो.

आमच्याकडचा पाळणा माळ्यावर आहे, दोऱ्या नव्या घातल्यात. खालची खोलीही जूनपासून रिकामी होतेय. पुण्यात कुणाला गरज असेल तर मला निरोप करा.