दोन दिवसांत जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर: सगळं करायचं की एकच गाव धरायचं?

केवडा (पुणे)
शनिवार-रविवारी घरच्यांना घेऊन कोकणात उतरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एकच गाव धरा. गेल्या वर्षी आम्ही ताम्हिणीमार्गे निघालो. सोबत दोन मुलं आणि 74 वर्षांच्या सासूबाई. शनिवारी जंजिरा, रात्री दिवेआगर, रविवारी श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून परत. मुलांना पाण्यात खेळायला मिळालं जेमतेम पाऊण तास. हरिहरेश्वरला सासूबाईंचे पाय इतके सुजले होते की त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. ज्यांना दर्शन घडवायला तिथवर गेलो, त्याच बाहेर बसल्या. ते मला अजून लागून राहिलंय.

या जानेवारीत फक्त दिवेआगर केलं. सासूबाई रूपनारायणाच्या देवळात तासभर शांत बसल्या. धाकटी सकाळभर खेकड्यांच्या बिळांभोवतीची वाळूच्या गोळ्यांची नक्षी बघत होती. दुपारी जेवणात उकडीचे मोदक, मग पोफळीच्या सावलीत झोप. कुणालाही 'चला, उशीर होतोय' म्हणावं लागलं नाही.

तटबंदी (सोलापूर)
ताई, अजिबात पटलं नाही. पुण्याहून तुम्हाला पुढच्या महिन्यातही जाता येईल. आमचं दोन-तीन वर्षांतून एकदा जमतं. मुलगा चौथीत आहे, वर्षभर शिवाजी महाराजांचा इतिहास वाचतोय. जंजिरा अजिंक्य का राहिला, ते राजपुरीहून शिडाच्या होडीत बसल्यावर कळतं. तट अंगावर येतो तरी दरवाजा कुठे आहे ते दिसत नाही. आत भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव, बुरुजावर कलालबांगडी तोफ आणि समोर, जंजिरा ज्याच्या ताब्यात होता त्या सिद्दीला शह द्यायला महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. इतक्या जवळ नेऊन पोराला म्हणू की वाळूत खेळ, ते राहू दे?

केवडा
दाखवाच. पण मग मुक्काम मुरूडला करा आणि दिवेआगर सोडा. होडीची रांग, किल्ल्यावर मिळणारा पाऊण तास, मग आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवायची वाट बघणं, यात शनिवार जातो. माझा विरोध जंजिऱ्याला नाही, त्यापुढे जोडलेल्या तीन ठिकाणांना आहे.

आगरातली (दिवेआगर)
आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे, म्हणून बोलते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमची वाडी एका दुपारीत आडवी झाली. पोफळी आणि माड आजोबांनी लावलेले. नवीन लावले, पण पोफळीला सुपारी धरायला वर्षं जातात. तोवर घर पाहुण्यांवरच चाललं. रात्री दहाला येऊन सकाळी आठला निघणाऱ्यांना आम्ही पोह्यांपलीकडे काय देणार? दोन रात्री राहणाऱ्यांसाठी मासळी आणता येते, मोदकांचा घाट घालता येतो, चार पैसे गावातल्या बाईच्या हातात पडतात.

आणि कृपा करून गाड्या वाळूत घालू नका. चाकं रुतली की भरतीच्या आत ट्रॅक्टरने ओढून काढायला गावातलीच मुलं धावतात.

तटबंदी
तुमचं दुःख समजतं. पण चारशेच्या वर किलोमीटर येऊन फक्त पुळण बघायची, हे आमच्या घरी कुणाला पटणार नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आईचा नवस आहे.

आगरातली
मग तिथी बघून या, भाऊ. आमच्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते. षष्ठीला साडेचार, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाच्या आसपास. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून खडकावरून जाते, ती फक्त ओहोटीला करायची, तीही तिथल्या माणसांना विचारून. खडक निसरडे आहेत आणि लाट सांगून येत नाही. षष्ठी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी फार मागे जात नाही, तेव्हा जास्तच जपायचं. आईंना पायऱ्या झेपत नसतील तर देवळातूनच नमस्कार करू दे.

केवडा
हे मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर! आम्ही भर भरतीत पोचलो होतो, पायऱ्यांवरूनच मागे फिरलो.

तटबंदी
रविवारी पौर्णिमा येईल असा शनिवार बघतो. जंजिरा सकाळी पहिल्या होडीने, मुक्काम दिवेआगर, रविवारी संध्याकाळी ओहोटीला हरिहरेश्वर. श्रीवर्धनला थांबत नाही, पेशव्यांचं गाव गाडीतूनच दाखवीन.

केवडा
एक कमी केलंत, बरं वाटलं. पण संध्याकाळी हरिहरेश्वर म्हणजे रविवारी रात्री ताम्हिणी घाट आणि पुढे सोलापूर. गाडी कोण चालवणार?

तटबंदी
मीच. ते मगाशी घरात बोललो. सोमवारची रजा टाकतोय. रविवारची रात्रही दिवेआगरलाच. आगरातल्या ताई, आई शाकाहारी आहे, चालेल ना?

आगरातली
चालेल की. केळफुलाची भाजी करते त्यांच्यासाठी. आदल्या दिवशी फोन करा, केळफूल सोलायला वेळ लागतो.