जीपीएस ट्रॅकर की डॅशकॅम? मुलगा गाडी फार पळवतो (बजेट ४ हजार)

सातारी_बापू
मंडळी, चिरंजीव वय वर्षे २०, पुण्यात इंजिनीअरिंगला. शनिवारी ब्रेझा घेऊन साताऱ्याला येतो. परवा वेगाचं ई-चलन माझ्या मोबाईलवर आलं, तेव्हा कळलं की साहेब खेड शिवापूरच्या पुढे ११८ वर होते. विचारलं तर "बाबा, सगळेच जातात." घरबसल्या वेग दिसेल आणि मर्यादेच्या वर गेला की माझा फोन वाजेल, असं काहीतरी सुचवा. बजेट ४ हजार, बसवणावळ धरून.

डिझेलदादा
४ हजारात खेळणी येतात. मी पुढे-मागे दोन्हीकडे फोर-के डॅशकॅम लावलाय, २२ हजार गेले पण वसूल. चाकणला रिक्षावाल्याने मागून ठोकलं आणि वर माझ्यावरच आवाज चढवला. क्लिप दाखवली, गप्प! घ्यायचं तर असंच घ्या.

ऊर्मी_नाशिक
दादा, त्यांना मुलाचा वेग कळायला हवाय, रिक्षावाला नाही पकडायचा. बापूकाका, भावाच्या गाडीत मी वायरवाला जीपीएस बसवलाय. बॅटरी, इग्निशन, अर्थ अशा तीन वायरी, डबी डॅशबोर्डच्या आत. वर्षाच्या सिमसकट २८०० पडले. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचे १३०० मागितले, ते आधीच विचारून घ्या. वेगाची मर्यादा अ‍ॅपमध्ये आपणच टाकायची. फार खाली ठेवू नका, नाहीतर प्रत्येक ओव्हरटेकला तुमचा फोन किंचाळेल आणि आठवडाभरात तुम्हीच तो बंद कराल. बोगद्यात रेंज जाते, मग बाहेर पडल्यावर साचलेल्या सूचना एकदम येतात. घाबरू नका.

पेठकर
ट्रॅकर कशाला? जुलै २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या कारला ८० च्या वर बीप आहेच, १२० नंतर तर अखंड वाजते. आमच्या मेव्हण्याने त्या बीपची वायरच काढून टाकली, तो भाग वेगळा. अवांतर: मी एक्स्प्रेसवे पाऊण तासात मारलाय.

घाटरस्ता
पेठकर, साडेचौऱ्याण्णव किमी पाऊण तासात म्हणजे सरासरी १२६ झाली. घाटात कारला ६० आहे, मग खाली किती पळवलीत? आणि आता करून दाखवा. २०२४ पासून तिथे नवी कॅमेरा यंत्रणा आहे. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पुन्हा दाबायची युक्ती तिथे चालत नाही, दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी निघते.

पेठकर
२००५ ची गोष्ट आहे हो. तेव्हा कॅमेरे नव्हते.

घाटरस्ता
घाट होता ना?

बंड्या
बापू, २५ हजार दंड आणि बापाला तीन वर्षं तुरुंग. कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण विसरलात? गाडीच देऊ नका.

वकिलीणबाई
बंड्या, अर्धवट वाचून लोकांना घाबरवू नका. ते मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ, १८ च्या खालच्यांसाठी. कल्याणीनगरचा मुलगा १७ वर्षांचा होता, बापूंचा २० चा आहे. लायसन्स असेल तर ते कलम इथे लागत नाही.

नुसत्या वेगाला कलम १८३, कारला हजार ते दोन हजार. धोकादायक म्हणून १८४ लागलं की मामला वेगळा: पहिल्याच वेळी सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाईल, उलट्या दिशेने येणं हे सगळं त्यातच. २०१९ च्या दुरुस्तीने हे कडक झालं.

बापू, चलनातला फोटो उघडून नंबर आपलाच आहे का ते बघा. नियम १६७अ प्रमाणे नोटीस १५ दिवसांत यायला हवी आणि कॅमेरा आहे असा फलक आधी लावलेला हवा.

डिझेलदादा
फलक असतो हो, फांदीच्या मागे. मला तर कारच्या नंबरावर हेल्मेट नसल्याचं चलन आलंय! तक्रार टाकली, अजून 'प्रलंबित'.

गॅरेजवाला_कराड
रोज हीच कामं करतो म्हणून सांगतो. ट्रॅकरवाले सोबत रिले गळ्यात मारतात, "मोबाईलवरून इंजिन बंद करा" म्हणून. फुकट दिला तरी लावू नका. बापाने रागाच्या भरात चालत्या गाडीत बटण दाबलं, तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पेडलही दगड. खंबाटकीच्या वळणावर हे झालं तर? वायर मधे कापून जोड मारू देऊ नका, वॉरंटीला नाट लागते. फ्यूज टॅप मागा, म्हणजे वायर न कापता फ्यूजच्या खोबणीतून वीज घेणारा जोड. आणि पायापाशी ओबीडी पोर्टात (गाडीतला बिघाड तपासायचं सॉकेट) खोचायचा ट्रॅकर बिलकुल नको, पोरगं दोन सेकंदात उपसून खिशात टाकेल.

ऊर्मी_नाशिक
ओबीडी नको, +१.

डिझेलदादा
ओबीडी नकोच. डॅशकॅम घ्या.

मिरजकर
ओबीडी सोडून काहीही. वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, कुणी सांगितलं असेल तर क्षमस्व.

सातारी_बापू
सर्वांचे आभार. ओबीडीच मागवला, २४०० ला. गॅरेजवाले, रागावू नका. मी तो चिरंजीवांना दाखवून, त्यांच्याच हाताने लावून घेणार आहे. उपसला की अ‍ॅप लगेच कळवतं, आणि मग पुढचे दोन महिने किल्ली साताऱ्यात, साहेब एसटीत. लपवून डबी बसवायची म्हणजे पोरावर पाळत. ते हिला पटलं नाही आणि खरं तर मलाही. मर्यादा १०० ठेवलीय.

गॅरेजवाला_कराड
मर्जी तुमची. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, बॅटरी थोडी थोडी खातो.

पेठकर
रिन्यूअल किती आहे ते लिहिलं नाहीत.

बंड्या
बापू, लिंक द्या ना. सासऱ्यांसाठी हवाय. वय ७४, तेही कुणाचं ऐकत नाहीत.