मदत हवी आहे : घाटात टर्बो गेला, रिकंडिशन टाकू की नवा?

गिरणाकाठ :
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची डिझेल सेडान, इंजिन 1248 सीसी, रनिंग 1 लाख 62 हजार. मी राहतो चाळीसगावला. आईला महिन्यातून दोनदा संभाजीनगरला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे कन्नडचा घाट चढणं आलंच.

मागच्या फेरीला घाटात अर्ध्यावर पिकअप गेला. दुसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना. बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज, मागे निळसर धूर. आई मागच्या सीटवर आडवी झोपलेली आणि आमच्या मागे गाड्यांची रांग. कसाबसा माथा गाठला. त्या दिवसापासून घाटात न्यायची हिंमत होत नाही. ऑइलही खातेय, हजार किलोमीटरला अर्धा लिटर तरी.

आमचे मिस्तरी म्हणतात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) गेला. कंपनीचा नवा 36 हजार, मजुरी वेगळी (हे एस्टिमेट ऑगस्ट 2025 चं, कारण शिट्टी तेव्हापासूनच होती आणि मी टाळत राहिलो). धुळ्याला हायवेवरच्या एका दुकानात रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, 15 हजाराला, जुना टर्बो त्यांच्याकडे जमा करायचा. सहा महिन्यांची गॅरंटी म्हणतात, पण तोंडी. भंगारातून काढलेला 8 हजाराला मिळतोय, तो विचार मी सोडूनच दिलाय.

रिकंडिशनचे माझे दोन अनुभव आहेत आणि दोन्ही उलट. अल्टरनेटर टाकला, तो दोन वर्षं झाली, बिनतक्रार चालतोय. स्टार्टर टाकला, तो चार महिन्यांत बसला. खोलून पाहिलं तर बाहेरून चकाचक रंग आणि आत कार्बन, बुश जुनेच. त्यामुळे त्या शब्दावर माझा विश्वास उरला नाही. पण 36 हजारही आज हातात नाहीत, कपाशीचे पैसे यायचेत. शिवाय 2029 ला गाडीची पंधरा वर्षं भरतात. पुढे नूतनीकरण करायचं की गाडी काढायची, हे अजून ठरलेलं नाही. एवढ्यासाठी नवा टाकावा का?

भुसावळ फिटर :
भाऊ, नवा की रिकंडिशन हे नंतर बघू. आधी टर्बो गेला तो कशाने, हे तुमच्या मिस्तरींनी सांगितलं का? शिट्टी आणि पिकअप जाणं हे इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होज, म्हणजे रबरी पाईप, फाटल्यानेही होतं. पण त्यात धूर काळा येतो. तुमचा निळा आहे आणि ऑइल कमी होतंय, म्हणजे टर्बोचा सील किंवा इंजिनच्या पिस्टनवरच्या रिंगा. रिंगा गेल्या असतील तर नवा टर्बो टाकूनही धूर तसाच राहणार.

इंजिन थंड असताना हवेचा पाईप काढा आणि टर्बोचा शाफ्ट (पाती बसवलेला दांडा) बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, तेवढा प्ले असतोच. मागे-पुढे सरकत असेल किंवा पाती हाऊसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो नक्की गेला.

हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल येणाऱ्या पाईपमध्ये काजळी जमली की बेअरिंग कोरडं पडतं. टर्बो बदलला पण तो पाईप तोच ठेवला, तर 36 हजाराचाही जाईल. निम्मे लोक इथेच फसतात आणि दोष पार्टला देतात. तेव्हा ऑइल, फिल्टर, तो पाईप, सगळं सोबत बदलायचं. इंटरकूलर आणि होज धुऊन घ्यायचे. आत साचलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर डिझेल इंजिन चावी काढली तरी बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून आत अडकतो. आणि पहिला स्टार्ट मारण्याआधी टर्बोत ऑइल ओतायला सांगा.

तापीकाठ :
माझ्या दोन पिकअप गाड्या नवापूर-धुळे चालतात, दोन्हींना रिकंडिशन टर्बो आहे. पण मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो : आतली कार्ट्रिज (शाफ्ट, पाती, बेअरिंगचा संच) नवी घालता की जुनीच धुऊन बसवता? नवी घालत असेल तर ती बॅलन्स केल्याचा कागद मागतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही. गॅरंटी बिलावर लिहून पाहिजे, तारीख आणि शिक्क्यासकट. गिरणाकाठ भाऊ, तुमचा स्टार्टर तसा का बसला ते यातच आलं.

अजून एक. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सगळ्या पार्टांवर जीएसटी 18 टक्के झालाय, आधी बहुतेकांवर 28 होता. तुमचं एस्टिमेट ऑगस्टचं आहे. नव्याचा भाव पुन्हा विचारा.

ब्रेक आणि स्टिअरिंगचं सामान मात्र मी कधीच रिकंडिशन टाकत नाही. टर्बो गेला तर गाडी ओढत नाही. ब्रेक गेला तर घाटात काय होईल ते सांगायला नको.

गिरणाकाठ :
दादा, दोघांचे मनापासून आभार. मिस्तरींनी पाईप खोलून पाहिलाच नव्हता, नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. आज सकाळी समोर उभं राहून खोलायला लावलं. शाफ्ट मागे-पुढे सरकतोय, पाती एका बाजूने घासलीय. ऑइलचा पाईप काढला तर आत काळा थर, काडी घातली तरी पलीकडे जाईना.

धुळ्याच्या दुकानाला फोन केला. कार्ट्रिज नवी म्हणाले, पण बॅलन्सचा कागद देत नाहीत. तिथला विषय मी संपवला. जळगावला एक जण नवी कार्ट्रिज, कागद आणि पक्क्या बिलावर एक वर्ष लिहून देतोय, 17 हजार. ऑइल, फिल्टर, नवा पाईप वेगळे. नव्याचा आजचा भाव उद्या कळेल, पण फरक दहा हजारांच्या वर राहिला तर जळगावचाच घेतो. आईची पुढची तारीख 12 ला आहे, तोपर्यंत एसटीने नेतो.

भुसावळचे दादा, एकच राहिलं : टर्बो बसल्यावर पहिलं ऑइल किती किलोमीटरला बदलू?

भुसावळ फिटर :
हजारला एकदा बदला, काजळी उरली असेल ती निघून जाईल. मग नेहमीसारखं. आणि घाट चढून माथ्यावर थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. आईंना नमस्कार सांगा.