प्रतिसाद: नैराश्यात औषधाचाही वाटा

एचआयव्हीबाधित कैद्यांच्या नैराश्याचे मूळ बंदिवास आणि घरच्यांनी फिरवलेली पाठ यांतच आहे, असे एक मत मांडले गेले आहे; ते बऱ्याच अंशी पटते. परंतु औषधाचाही त्यात वाटा असू शकतो, हा मुद्दा चर्चेत आलेला नाही. डॉल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचे नवे औषध येण्यापूर्वी आपल्याकडे पहिल्या फळीच्या (म्हणजे सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या) उपचारात एफाविरेंझ हे औषध दिले जाई आणि भयानक स्वप्ने, चक्कर, उदासी हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. ती गोळी रात्री झोपताना घ्यायची असे, म्हणजे बराक बंद झाल्यावर, जेव्हा घाबरून उठलेल्या माणसाला बोलायला कोणी नसे. (नव्या औषधानेही काहींची झोप उडतेच.)

औषधामुळे आजार उघड होण्याची धास्तीही असते. मी काही वर्षे एका कारागृहात समुपदेशनासाठी जात असे. तेथील एक बंदी गोळ्या डबीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवी, कारण डबी हलली की खडखडाट होई आणि शेजारचे विचारत. संमतीवाचून कोणाची एचआयव्हीस्थिती उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे. पण पोलीस बंदोबस्तात दर महिन्याला एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधे मिळतात तेथे) नेल्या जाणाऱ्या माणसाबद्दल बराकीला वेगळे काही सांगावे लागत नाही.